सुदामच्या नावाचा गुण

कात्रप, बदलापूर (पूर्व)
शुक्रवार, २४ ऑगस्ट २०१८

प्रिय हरिचंद्र,
जय भीम.

काल एशियाडमध्ये भारताचा कबड्डीचा संघ सेमीफायनलला इराणकडून हरला. अठरा-सत्तावीस. मी अर्धी रजा टाकून कंपनीतून घरी आलो होतो. डबा न खाता परत आणला म्हणून माया थोडी बोलली, मग भिशीला गेली. मी दार लावून मॅच पाहिली. संपल्यावर टीव्ही बंद केला आणि खाली जाऊन दूध आणलं. आज महिलांची फायनल होती. तीही इराणकडूनच हरलो, चोवीस-सत्तावीस. दोन दिवसांत एवढंच घडलं.

तुझ्या घशाचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी तुला बोलायची मनाई केलीय, त्यामुळे फोन करून उपयोग नाही. मोबाईलवर लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस. मला अंगठा नको आहे. म्हणून कागदावर लिहितो. तुझा दिपेश कामावर जाताना आमच्या नाक्यावरून जातो, त्याच्याकडे हे पत्र देतो.

मला फार राग आलाय. एशियाडमध्ये कबड्डी आल्यापासून आपण दुसऱ्या कुणाला सुवर्णपदक मिळू दिलं नव्हतं. सात वेळा. म्हणून यांना वाटलं, आठवं आपलंच आहे, फक्त जाऊन उचलून आणायचंय. कोरियाने एका गुणाने हरवलं तेव्हा तरी जागं व्हायचं. नाही. चढाईला गेले की बोनस रेषेकडे बघून परत. कोपऱ्यातला माणूस वेळेआधी पुढे येतो आणि सापडतो. बुवापाड्यातल्या आपल्या पोरांनी असा खेळ केला असता तर सुदामने त्यांना मैदानाला वीस चकरा मारायला लावल्या असत्या.

आणि संपल्यावर हात मिळवून सगळे बाहेर. कंपनीत आज जो तो म्हणतोय, खेळ आहे, चालायचंच. कॅन्टीनवाला म्हणाला, "साहेब, क्रिकेट थोडीच होतं?" स्टोअरमधला एकजण म्हणाला, इराण चांगलं खेळलं. ते मलाही दिसलं. डोळे मलाही आहेत.

सुदाम प्रत्येक मॅचला आमच्याकडे यायचा, तुला माहीतच आहे. सख्खा भाऊ, पण सोफा असताना खाली चटईवर बसायचा. जूनमध्ये तो गेल्यापासून भारताच्या या पहिल्याच मॅचेस. काल चटई काढली नाही.

तब्येत सांभाळ.

नरेंद्र


शिरगाव
२८ ऑगस्ट

नरेंद्रदादा,
रामराम आणि जय भीम, दोन्ही.

पत्र मिळालं. दिपेश म्हणाला, "बाबा, एवढा जाड कागद, कोर्टाची नोटीस आहे का?" मी वाचलं आणि म्हटलं (म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं), नोटीसच आहे, पण इंडियाच्या टीमला.

दादा, तुमचा राग बरोबर आहे. पण इराणवाले दहा वर्षं आपलेच डाव बघून शिकले, घाम गाळला. ते जिंकले तर जिंकले. आपण आता शिकायचं.

माझं म्हणाल तर घसा बरा आहे. डॉक्टर म्हणाला, कुजबुजायचंसुद्धा नाही. आमच्या आईचं वय ऐंशीच्या पुढं, ती शेजारणीला सांगते, "बरा झाला, आथा घरान जरा शांती हाय." सरावाला मी स्टीलची थाळी आणि चमचा घेऊन जातो. एक ठोका म्हणजे चढाई, दोन म्हणजे थांबा, सलग बडवली म्हणजे मी शिव्या देतोय. पोरांना शिव्या बरोबर कळतात.

आता मुद्द्याचं. ९ सप्टेंबरला उल्हासनगरला स्पर्धा आहे, हॉलमध्ये, मॅटवर. जो जिंकेल तो जिल्ह्याला जाणार. पहिलीच मॅच तिथल्याच कॅम्प चारच्या मंडळाशी. सुदाम गेल्यानंतरची आपली ही पहिली स्पर्धा, म्हणून आपल्या मंडळाच्या रीतीप्रमाणे पहिली चढाई त्याची राहील. पंच हाक मारतील, आपल्याकडून कोणी जाणार नाही. पाच सेकंद सगळे रेषेच्या मागे हात धरून उभे राहतील, समोरच्यांना नियमाने एक गुण मिळेल, मग खेळ सुरू. मंडळातले भीमराव गेले तेव्हा सुदामनेच ही रीत घातली होती. घरच्यांना आधी कळवायचं असतं म्हणून लिहितो. तुम्ही आणि वहिनी नक्की या. सुदामचा सम्यक कप्तान आहे या वर्षी, त्याच्या बापाला केवढा आनंद झाला असता.

हरिचंद्र


कात्रप
३० ऑगस्ट

प्रिय हरिचंद्र,

ती चढाई सोडू नका.

एक गुण म्हणजे एक गुण. कोरियाशी आपण एकाच गुणाने गेलो. दान करायला गुण झाडाला लागत नाहीत. देशाची टीम अशीच हरते. आपलं मन मोठं, आपली परंपरा मोठी, आणि फळ्यावर आकडा लहान.

शिवाय सुदामने हॉस्पिटलमध्ये मला सांगितलं होतं की माझ्या नावाने गुण घालवू नका. तेव्हा हा विषय संपला.

थाळीचं वाचून माया हसली. तुला खडेमिठाच्या गुळण्या करायला सांगितलंय. मी तिला म्हटलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नकोस असं कळवतो.

नरेंद्र


शिरगाव
२ सप्टेंबर

दादा,

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. बोलता तर त्याहून येत नाही.

सुदामचं आणि माझं या विषयावर बोलणं झालं होतं. त्याच वॉर्डात, तुम्ही खाली औषधं आणायला गेला होता तेव्हा. तो म्हणाला, "हरी, माझ्या वेळेला पंचाला सांग पाच सेकंदांचे दहा कर. मी कुठं वेळेवर पोचतो?" आणि स्वतःच्याच विनोदावर एवढा हसला की सिस्टर ओरडली. सुदामला त्याची चढाई पाहिजे होती, दादा.

मग तुम्ही का नको म्हणता, याचा मी दोन-तीन दिवस विचार केला. बोलणं बंद असलं की माणूस विचार फार करतो. मला वाटतं तुमचा मंडळावर राग आहे. अंत्ययात्रेला आपली पोरं मैदानावरून थेट हाफपँटमध्ये आली, चिखलाच्या पायांनी. तिथं सगळे पांढरे कपडे घालून उभे, भंतेजी आलेले, आणि आमचे बारा जण लाल बनियनमध्ये. मला तेव्हाच लाज वाटली होती. त्याबद्दल मी सगळ्यांच्या वतीने माफी मागतो. पण त्याची शिक्षा सुदामला देऊ नका.

सम्यकच्या आईला, द्रौपदीवहिनीला विचारलंत का? मी विचारलं. ती म्हणाली, "भावजींना हो म्हणू दे आधी. त्यांनी अजून रडून घेतलं नाही."

हरिचंद्र


कात्रप
३ सप्टेंबर

हरिचंद्र,

हो, खोटं लिहिलं. सुदाम माझ्याशी असं काही बोलला नाही. माझ्याशी तो शेवटच्या दिवसांत प्रो कबड्डीत कोण कोणत्या टीमकडे गेला एवढंच बोलायचा.

हाफपँटचं माझ्या मनात काही नाही. सुदामला ते आवडलं असतं. बाकी जे पांढऱ्या कपड्यांत आले होते त्यांनी मला काय सांगितलं ते ऐक. एकाने सांगितलं, चालायचंच. एकाने सांगितलं, सुटला बिचारा. कंपनीतल्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, कुणाच्या हातात असतं का? बावन्न वर्षांचा माणूस, सकाळी मैदानावर चुना टाकून आला, छातीत कळ आली, आठ दिवस वॉर्डात हसत होता आणि गेला. आणि मी सगळ्यांना हात जोडून हो हो म्हणत होतो. भारत हरला तेव्हा पुन्हा तेच शब्द. चालायचंच. तेव्हा माझं डोकं फिरलं. का चालायचं? कुणी ठरवलं चालायचं?

आता तू म्हणतोस एक गुण समोरच्यांना देऊ. म्हणजे माझा भाऊ मेला याचा फायदा कॅम्प चारच्या टीमला. फळ्यावर त्यांच्या बाजूला एक आकडा चढणार आणि तो सुदाम. आपण हात धरून बघत राहणार. मी ते बघू शकत नाही. तो गेला तो गेला, निदान समोरच्यांच्या बाजूला तरी जायला नको.

मी मोठा भाऊ आहे. मी नाही म्हणतो. द्रौपदीला मी सांगेन.

मी येणार नाही.

नरेंद्र


शिरगाव
१० सप्टेंबर

दादा,

काल काय झालं ते सम्यकने तुम्हाला सांगितलं नसणार, म्हणून लिहितो. पूर्ण वाचा, मग रागवा.

तुमचं म्हणणं मी मानलं. पोरांना बसवलं आणि पाटीवर लिहिलं, चढाई सोडायची नाही, घरच्यांची इच्छा नाही. सम्यकने फक्त बूट घट्ट केले.

हॉल गच्च भरला होता. थाळी पंचांनी दारातच काढून घेतली, म्हणाले, भांडी आत चालणार नाहीत. म्हणजे मी खरोखर मुका. टॉस आपण जिंकला आणि चढाई घेतली. पंचांनी शिट्टी मारली आणि सम्यक गेला.

समोर कॅम्प चारचे सात जण उभे. त्यांचा कप्तान तो सोनू, सिंधी पोरगा, ज्यांचं कापडाचं दुकान आहे. घोट्याची पकड त्याला सुदामनेच शिकवली होती, दर रविवारी सायकल मारत बुवापाड्याला यायचा. त्यांना आपली रीत माहीत. ते समजून चालले होते की पहिली चढाई रिकामी जाणार. म्हणून सातही जण पाय जुळवून, हात खाली सोडून, मान खाली घालून उभे होते. सम्यक रेषा ओलांडून आत गेला तरी कोणी हललं नाही. एकाने पवित्रा घ्यायला पाय मागे टाकला, तर सोनूने बोटाने खूण केली, थांब.

दादा, सात जण. हाताच्या अंतरावर. लोक ओरडायला लागले. "अबे छू ना! सातों खड़े हैं!" "अरे लाव हात, येड्या, लोण चढंल!" सम्यक त्यांच्या समोर कबड्डी कबड्डी म्हणत उभा. माझ्याकडे बघितलं त्याने. खरं सांगतो, माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, लाव हात. डॉक्टरने घसा शिवला नसता तर मी ओरडलो असतो. ओरडता आलं नाही.

चढाईत गाठावीच लागते ती निदान रेषा त्याने ओलांडली, म्हणजे नियमाने बाद नाही. तिथं उभा राहिला. वेळ संपत आली तशी पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे येत परत आला. कुणाला शिवला नाही. त्यांना गुण नाही, आपल्याला गुण नाही. पंच एकमेकांकडे बघत होते. मग सोनूने मान वर केली, मांडीवर थाप मारली आणि मॅच सुरू झाली. त्यानंतर मात्र त्यांनी काही दयामाया ठेवली नाही. सम्यकला तीनदा घोट्यातच धरला.

आपण एकोणतीस-तीसने हरलो.

मॅचनंतर सोनू माझ्याजवळ आला. म्हणाला, "चाचा, हमने सोचा था आप लोग छोड़ोगे. आपने नहीं छोड़ी, तो हमने छोड़ दी. सुदाम सर का हिसाब था." मी त्याच्या पाठीवर थापटलं. दुसरं काय करणार.

हरिचंद्र


कात्रप
११ सप्टेंबर

हरिचंद्र,

एका गुणाने!

सात माणसं पुढ्यात उभी आणि पोरगा रिकामा परत येतो! एकाला बोट लावलं असतं तरी बरोबरी होती. दोघांना लावलं असतं तर जिंकलो होतो. जिल्ह्याला गेलो असतो. मी गुण देऊ नका म्हणालो होतो. घेऊ नका असं म्हणालो नव्हतो. हे त्याला कुणी शिकवलं? कबड्डीत समोर उभ्या माणसाला हात लावत नाहीत, तर काय त्याला चहा विचारतात?

इंडियाच्या टीमला मी उगाच बोललो. ते निदान प्रयत्न करून हरले.

सुदाम असता तर सातही घेऊन आला असता. हसत हसत. आणि वर सोनूला म्हणाला असता, "कसा उल्लू बनवला." मला डोळ्यासमोर दिसतंय.

त्याला सांग, मोठे बाबा तुझ्याशी बोलणार नाहीत.

नरेंद्र


शिरगाव
१२ सप्टेंबर

दादा,

उद्या घरी गणपती येतायत, धावपळ आहे, म्हणून दोनच ओळी.

कुणी शिकवलं असं विचारलंत. सुदामने. जो खेळायला उभा नाही त्याला शिवायचं नाही. सरावात कुणी बुटाची नाडी बांधत असेल आणि दुसऱ्याने जाऊन टपली मारून गुण मागितला, तर सुदाम त्याला बाहेर बसवायचा. सम्यक सात वर्षांचा असताना एकदा बसला होता, दिवसभर. मॅचनंतर मी पाटीवर लिहिलं, हात का नाही लावलास? तो म्हणाला, "काका, तिथं कोणी खेळतच नव्हतं."

हरिचंद्र


कात्रप
रविवार, १६ सप्टेंबर

प्रिय हरिचंद्र,

मग सुदाम चुकला.

हे मी चार दिवस डोक्यात घोळवतोय आणि दुसरं उत्तर सापडत नाही. नाडी बांधणारा पोरगा वेगळा आणि स्पर्धेतली सात धडधाकट माणसं वेगळी. सुदामने पोरांना चुकीचं शिकवलं. मी हे त्याला तोंडावर सांगितलं असतं. प्रत्येक मॅचनंतर आमचं एवढं एकच काम असायचं. मी म्हणायचो बोनस घ्यायला हवा होता, तो म्हणायचा, "दादा, तू गप." माया आतून ओरडायची, शेजारी काय म्हणतील. बाहेर मी कधी कुणाशी आवाज चढवून बोललो नाही. कंपनीत तीस वर्षांत नाही. जे काही चढवायचं ते त्याच्यावरच. त्या दिवशी इराणची मॅच संपली तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं. मग दूध आणायला गेलो.

लोक म्हणतात, तो चांगल्या ठिकाणी असेल. असेल. पण मला त्याच्याशी भांडायचं आहे आणि ते होत नाही. तू समजूत काढू नकोस. गणपतीच्या आरतीत माझ्या नावाने काही मागूही नकोस. तुझा घसा तेवढा माग.

काल संध्याकाळी बुवापाड्याला गेलो होतो. बोलणार नाही असं ठरवून गेलो आणि दारातूनच सम्यकवर ओरडलो. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. सात जण उभे होते, सात! शेजारची मोतीबाई बाहेर येऊन उभी राहिली. द्रौपदी मध्ये पडली नाही. ती चहा गाळत होती, गाळत राहिली. मी थांबलो तेव्हा सम्यक म्हणाला, "मोठे बाबा, तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, सातही घेतले असते.

तो म्हणाला, "तुम्ही निदान रेषेपर्यंत तरी पोचला असतात का? आयुष्यात एकदा तरी मैदानात उतरलात?"

द्रौपदी हसली. जूननंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला हसू आलं नाही. राग होता, अजून आहे. मी चहा घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोही बोलत राहिला. दोघांपैकी कुणीही मागे हटलं नाही. निघायला उशीर झाला.

निघताना मी त्याला म्हटलं, ऑक्टोबरमध्ये लीगच्या मॅचेस सुरू होतील, आमचा टीव्ही मोठा आहे. तो म्हणाला, "बघतो."

माया आज उल्हासनगरला बहिणीकडे गेलीय. ऊन पडलंय. मघाशी कपाटाच्या मागून ती चटई ओढून काढली. पावसाळ्यात गुंडाळून ठेवली होती, एका कडेला बुरशी धरलीय. ओल्या फडक्याने पुसली. गॅलरीतल्या दोरीवर टाकली आहे. वाऱ्याने सरकते म्हणून चार चिमटे लावले. आता दुसरी बाजू उलटायला जातो.

नरेंद्र